मास्तर आर्गिरिस आणि डोळ्यांचा उपास

या, जरा पुढे सरका. त्या खांबाआड बसलात तर ऐकू येईल, पण दिसणार नाही, आणि आजची गोष्ट दिसण्याचीच आहे. ज्यांना गाऊन सांगितलेला देवाचा शब्द आवडतो त्यांनी तर अगदी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं, कारण गोष्ट एका गवयाची आहे. ग्रीसमधल्या आमच्या पेलिओनच्या डोंगरातल्या गावात हा माणूस एका थेंबासाठी भरल्या चर्चमध्ये, खुद्द बिशपसमोर, मान वर करून उभा राहिला. ती मान मग खाली का गेली नाही, हे ऐकून उठाल तेव्हा तुमचीही थोडी ताठ झालेली असेल. एवढा शब्द देतो.

तर मास्तर आर्गिरिस. आयुष्यभर जंगलखात्यात कारकुनी केली, पण गावात त्यांना कारकून म्हणून कुणी ओळखत नाही. आमच्या संत पारास्केवीच्या चर्चमध्ये वेदीच्या उजव्या हाताला पोथी ठेवायचं उंच लाकडी टेकण आहे, तिथे उभं राहून मास्तर गातात. उजवं टेकण पहिल्या गवयाचं, डावं दुसऱ्याचं, हा जगाचा नियम आहे. डावीकडे उभा राहतो झिसिस. हा जुना पोस्टमन, छातीचा दमेकरी, आणि उजवं टेकण कधी रिकामं होतंय यावर बरीच वर्षं डोळा ठेवून असलेला. मास्तर गायला लागले की म्हाताऱ्या बायका पदर, म्हणजे डोक्यावरचा काळा रुमाल, डोळ्यांना लावतात. झिसिस गायला लागला की त्याच बायका रुमाल सारखा करतात आणि शेजारणीला डाळीचा भाव विचारतात.

घडलं ते एका श्राद्धाच्या दिवशी. शिजवलेले गोड गहू, वर पिठीसाखरेचा जाड थर, त्यावर चांदीच्या गोळ्यांनी काढलेला क्रूस, असं भलंमोठं ताट टेकणाच्या डाव्या बाजूला ठेवलेलं. मास्तर वळले आणि कोपराचा असा फटका बसला की दिवंगताचा आत्मा, गहू आणि साखर, तिन्ही एकदमच मोकळे झाले.

"ताट चुकीच्या जागी होतं," मास्तर म्हणाले.

"ताट गेली कित्येक वर्षं तिथंच असतं," त्यांची बायको एवांथिया म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना खाली व्होलोस शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरचं नाव मेला. तरुण बाई, बोलायला मऊ, पण एकदा बोलली की बोलली. तिनं मास्तरांची हनुवटी यंत्रावर टेकवली, आत डोकावली आणि म्हणाली, "डोळ्यातला दाब वाढलाय मास्तर. काचबिंदू. बाजूचं थोडं दिसणं गेलेलंच आहे."

"मला सगळं दिसतं."

"जे दिसत नाही ते दिसत नाहीये, हे कसं दिसणार?"

हा प्रश्न मास्तरांना फार उद्धट वाटला. मग डॉक्टरनं सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र थेंबांनी सांभाळता येते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून थेंब सोडले तर एक दिवस पोथीची ओळ अर्ध्यात संपलेली दिसेल. मास्तरांनी मनात हिशेब मांडला. पोथी गेली म्हणजे टेकण गेलं, आणि टेकण गेलं म्हणजे झिसिस आला. पण चेहऱ्यावर त्यांनी काही दाखवलं नाही. पुढे डॉक्टर थेंब कसे घालायचे ते बराच वेळ सांगत होती, आणि मास्तर बराच वेळ दुखावलेले होते, त्यामुळे त्यातलं अक्षर कानात शिरलं नाही. एवांथिया बाहेर गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल पोलिसाशी भांडत होती.

घरी दोन बाटल्या आल्या. पिवळ्या झाकणाची सकाळ-संध्याकाळ, हिरव्या झाकणाची नुसती संध्याकाळी.

"बस इथं, मी घालते," एवांथिया म्हणाली.

"ज्यानं आयुष्यात सरकारी कागदावर शाईचा एक डाग पाडला नाही, त्याला एक थेंब पाडता येणार नाही?"

पहिला थेंब मिशीत गेला. दुसरा भुवईवर. तिसऱ्याला मास्तरांनी ऐनवेळी डोळा मिटला, आणि तो मांडीवरच्या मांजराच्या कानात पडला. त्या दिवसापासून ते मांजर संध्याकाळचं शेजारी राहायला गेलं. मग मास्तरांनी हिशेबी डोक्यानं तोड काढली. एक थेंब चुकतो ना, मग चार-पाच सोडावेत, एखादा तरी नेमावर बसेल. औषध गालांवरून ओघळू लागलं, गळपट्टी भिजू लागली, आणि महिना अर्धा असतानाच बाटली कोरडी ठणठणीत झाली.

आता सरकारचा नियम असा की महिना भरल्याशिवाय दुसरी बाटली निघत नाही. औषधाच्या दुकानातला संगणक हे नम्रपणे सांगतो आणि पुढे कितीही ओरडा, तो नम्रच राहतो. बरं, डॉक्टरनं औषध लिहिलं की त्याचा निरोप मोबाइलवर येतो. मास्तरांनी नाव नोंदवलं तेव्हा त्यांचं मत होतं की मोबाइल हे गाता न येणाऱ्या माणसाचं खेळणं आहे. त्यामुळे त्यांनी हाताशी असलेला नंबर दिला होता. तो नंबर झिसिसचा.

"मास्तर," झिसिस कॉफीच्या दुकानात अख्ख्या गावासमोर म्हणाला, "सरकार म्हणतंय तुमच्या डोळ्यांना महिनाअखेरपर्यंत सुट्टी."

झालं. ज्या गावात माणसाला शिंक आली की त्याच्या बापाची शिंक कशी होती याची चर्चा होते, तिथे मास्तरांचे डोळे सगळ्यांचे झाले. शेजारीण कीरा-मारिगो कॅमोमाइलच्या फुलांचा गरम काढा घेऊन आली. "यात फडकं बुडव आणि डोळ्यांवर ठेव. माझ्या आईनं जन्मभर हेच केलं."

"तिचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते?" मास्तरांनी विचारलं.

"आंधळी झाली. पण डोळे स्वच्छ होते."

कुणी मध सांगितला, कुणी चर्चमधल्या समईचं तेल. एवांथियानं तर देवीसमान मानलेल्या आमच्या संत पारास्केवीच्या तसबिरीला पत्र्याचे दोन डोळे बांधून नवस केला. संत पारास्केवी डोळ्यांचीच राखणदार, तेव्हा नवस अगदी योग्य खात्यात गेला होता. मास्तरांना मात्र ही जाहिरात वाटली. आणि झिसिसनं कळस केला. त्याचेही डोळे चुरचुरत होते म्हणे. नवी बाटली आली तेव्हा तो म्हणाला, "एक थेंब मला पण सोडा की. दोन टेकणं, एक चर्च, आपल्यात काय वेगळं?"

"औषध उसनं देत नाहीत," मास्तर म्हणाले. खरं कारण एवढंच की झिसिसला ते मीठसुद्धा उसनं देत नसत.

"थेंबाची कंजुषी," झिसिस दुकानभर सांगत सुटला.

इकडे एवांथियानं कारभार हातात घेतला. भिंग लावून बाटलीबरोबरचा चुरगळलेला कागद वाचून काढला आणि मास्तरांना पलंगावर आडवं केलं. हात धुतले, खालची पापणी अलगद ओढून तिची पिशवी केली, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता वरून एकच थेंब सोडला. नेमका आत. मास्तरांनी मान्य केलं की तिचा हात बरा आहे. सगळं मार्गी लागलं असं तुम्हाला वाटेल. एवांथियालाही वाटलं. पण थोड्या वेळानं मास्तर उठून बसले आणि जीभ टाळ्याला लावून चाटू लागले.

"कडू लागतंय."

"डोळ्यात?"

"घशात."

आणि इथेच खरी भानगड सुरू झाली. रविवारी पवित्र प्रसाद घ्यायचा तर आदल्या मध्यरात्रीपासून पोटात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज. पाण्याचा थेंब चालत नाही, मग कडू थेंब कसा चालेल? डोळ्यात घातलेलं घशात उतरतं, म्हणजे ते प्यायल्यासारखंच. मास्तरांनी मनातल्या मनात धर्मसभा भरवली, स्वतःच अध्यक्ष झाले आणि एकमतानं ठराव केला, की उपासाच्या दिवशी डोळ्यांनीही उपास करायचा. शिवाय खबरदारी म्हणून आदल्या सकाळपासूनच. पापा-लुकासना, म्हणजे आमच्या पाद्र्यांना, विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही. पापा-लुकास वयानं लहान, आणि उपासाचे नियम मास्तरांकडे विचारायला येणारे. डॉक्टर काय स्वतःच्या रोग्याकडे नाडी दाखवायला जातो?

ही गोष्ट एवांथियालाही त्यांनी सांगितली नाही. "आता मला जमतं," म्हणत बाटल्या घेऊन न्हाणीघरात जायचे, नळ सोडायचे, थोडं थांबायचे आणि डोळे पुसत बाहेर यायचे. रविवार गेले, सण गेले. ईस्टरपूर्वीचा मोठा उपास आला तेव्हा तर मास्तरांच्या डोळ्यांनी एखाद्या संन्याशाला लाजवेल असं व्रत केलं.

उन्हाळ्यात तपासणीला गेले. डॉक्टर मेलानं दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि तिचा मऊ आवाज आणखी मऊ झाला, ही वाईट खूण.

"दाब पुन्हा चढलाय. बाजूची नजर आणखी थोडी गेली. थेंब रोज घालता ना?"

"घालतो," मास्तर म्हणाले. 'रोज' या शब्दावर त्यांनी काही मत दिलं नाही.

"मग औषध पुरत नाहीये. शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल."

एवांथियानं खुर्चीचा हात घट्ट धरला. पुढच्याच महिन्यात संत पारास्केवीचा सण, गावची जत्रा, आणि यंदा बिशप स्वतः येणार होता. मास्तरांना डोळ्यांपुढे पट्टी दिसली आणि पट्टीपलीकडे उजव्या टेकणावर खाकरणारा झिसिस.

"आधी एक थेंब माझ्यासमोर घालून दाखवा," डॉक्टर म्हणाली आणि पिवळ्या झाकणाची बाटली पुढे केली.

मास्तर मागे सरकले. "आज नाही."

"का?"

"उद्या संत पीटर आणि पॉलचा सण. प्रसाद घ्यायचाय. माझा उपास आहे."

"पोटाचा ना?"

"डोळ्यांचाही."

डॉक्टरनं एवांथियाकडे पाहिलं, एवांथियानं छताकडे. मग मास्तरांनी कडू घशाची सगळी धर्मचर्चा ऐकवली, पूर्वपक्ष-उत्तरपक्षासकट. डॉक्टर हसली नाही, हे तिचं मोठेपण. एवांथियानं मात्र पर्समधून फोन काढला आणि सरळ पापा-लुकासना लावून तो मास्तरांच्या कानाला चिकटवला.

"औषधानं उपास मोडत नाही, मास्तर," पापा-लुकास पलीकडून म्हणाले. "देवानं डोळे दिले ते घालवायला नव्हे. मला विचारलं का नाहीत?"

"तुम्ही मला विचारता का, कोणता सूर लावू म्हणून?"

"दर रविवारी विचारतो."

हे खरं होतं. मास्तरांनी फोन एवांथियाला परत दिला.

"आणि तो घशात जायलाच नको," डॉक्टर म्हणाली. "हे मी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं. थेंब पडला की डोळा हळूच मिटायचा, चोळायचा नाही, मिचकवायचा नाही. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, दोन-तीन मिनिटं. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची वाट तिथेच असते. ती बंद झाली की औषध डोळ्यात राहतं, घशात जात नाही आणि अंगातही फारसं भिनत नाही. दुसऱ्या बाटलीआधी मात्र चांगली दहा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. आणि हे औषध दुसऱ्या कुणाला देऊ नका. पिवळ्या झाकणाचं दमेकऱ्याला लागलं तर छाती आवळते, श्वास कोंडतो."

मास्तरांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग हळूहळू त्यावर तेज आलं. "म्हणूनच मी झिसिसला दिलं नाही," ते म्हणाले. त्या दिवसापासून ही गोष्ट ते अशीच सांगतात.

"दोन-तीन मिनिटं मोजायची कशी?" एवांथियानं विचारलं.

"त्याची काळजी नको," मास्तर म्हणाले. त्यांनी तिथेच थेंब घातला, डोळे मिटले, कोपरे दाबले आणि संथ लयीतलं एक स्तोत्र हलक्या आवाजात गायला लागले. बाहेर रांगेतल्या लोकांचं खोकणं थांबलं. स्तोत्र संपलं तेव्हा डॉक्टरनं घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. घसा कोरडा, गोड. शस्त्रक्रियेचा निर्णय तिनं पुढच्या तपासणीवर ठेवला, पण अट घातली. संध्याकाळचे थेंब रोज ठरलेल्या वेळी, तासभर मागेपुढे चालेल, त्याहून जास्त नाही, आणि एकही चुकवायचा नाही. एवांथियानं त्यात आपली अट घातली. "एक जरी चुकला, तर झिसिसला मी माझ्या हातानं उजवीकडे उभा करीन."

मास्तरांनी चुकवला नाही. आणि जत्रेची संध्याकाळ आली.

प्रार्थना उन्हं उतरताना सुरू होणार होती, पण बिशपची गाडी घाटात शेळ्यांच्या कळपात अडकली. शेळ्यांना बिशप कळत नाही. तो पोहोचला, गाणं सुरू झालं आणि तेवढ्यात मास्तरांच्या थेंबांची वेळ झाली, मग गाता गाता वरचा तासही सरत आला. चर्च गच्च भरलेलं. मास्तर टेकणावर उभे, स्तोत्रामागून स्तोत्र, मधे श्वास घ्यायला जागा नाही. बायकांच्या बाजूला एवांथिया पहिल्या खांबाशी उभी होती. ती खाकरली. मास्तरांनी पान उलटलं. ती पुन्हा खाकरली, आणि या खेपेला दोन्ही बाटल्या मुठीत धरून वर केल्या.

आता काय करायचं? टेकण सोडून बाहेर जावं तर रिवाज असा की उजवा थांबला की डाव्यानं ओळ उचलायची. बिशपसमोर, जत्रेच्या दिवशी, सगळ्यात मोठं स्तोत्र झिसिसच्या तोंडी. आणि थेंब उद्यावर टाकावेत तर? एकच तर संध्याकाळ. मास्तरांनी समोर पाहिलं. पोथीच्या ओळीची सुरुवात त्यांना डोकं वळवूनच शोधावी लागत होती, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी एवांथियाकडे पाहून मान हलवली. ती सरळ चालत आली. बाईमाणूस गवयाच्या टेकणापाशी, आणि तेही बिशपच्या डोळ्यांदेखत, म्हणून कुजबुज उठली. तिनं त्यांच्या हातांवर पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं, स्वच्छ रुमाल दिला. मास्तरांनी मान मागे टाकली, पापणी ओढली, एका डोळ्यात एक, दुसऱ्यात एक. स्वतःच्या हातानं, नेमका आत. डोळे मिटले. दोन बोटं नाकाजवळच्या कोपऱ्यांवर दाबून धरली आणि त्या मोठ्या स्तोत्राची पहिली ओळ उचलली, पोथीशिवाय.

असं गाणं आमच्या गावानं ऐकलं नव्हतं. मान वर, बोटं डोळ्यांवर, मिटल्या पापणीतून एक थेंब ओघळलेला. लोकांना वाटलं, मास्तरांना दर्शन झालं. कीरा-मारिगो हुंदके द्यायला लागली. बिशपनंसुद्धा काठी दुसऱ्या हातात घेऊन डोळे पुसले. दुसरं कडवं झालं, तिसरं सुरू झालं आणि मधेच मास्तरांना शब्द सापडेना. इतकी वर्षं गायलेला, ओठांवरचा शब्द. डोळे उघडावेत तर औषध जाईल. आवाज एका सुरावर अडकून लांबत चालला, आणि आता सगळ्या चर्चला कळणार होतं.

तेवढ्यात डावीकडून खालचा सूर आला. आमच्या गाण्यात एकजण खाली एकच सूर धरून ठेवतो, हलत नाही, आणि वरचा त्याच्या भरवशावर हिंडून येतो. झिसिसनं तो धरला. दमेकऱ्याचा श्वास तो केवढा, पण त्यानं तो असा ताणला की मास्तरांचं अडकणं कुणाला अडकणं वाटलंच नाही, आळवणं वाटलं. आणि त्या सुरातच, ओठ न हलवल्यासारखं, त्यानं शब्द पुढे सरकवला. मास्तरांनी तो झेलला. स्तोत्र शिखराला गेलं आणि संपलं. मग मास्तरांनी डोळे उघडले, झिसिसकडे पाहिलं, आणि दहा-एक मिनिटांनी, पुढच्या स्तोत्राच्या आधी, तितक्याच शांतपणे हिरव्या झाकणाची बाटली काढली. या खेपेला खालचा सूर आधीच तयार होता.

अंगणात त्सिपुरोचे, म्हणजे आमच्या द्राक्षांच्या दारूचे, पेले फिरायला लागले तेव्हा बिशपनं मास्तरांना जवळ बोलावलं. "काय दिसलं तुला, बाळा?"

"काही नाही, महाराज. काचबिंदूचे थेंब घातले. वेळ टळत होती."

ते मोठ्यानंच म्हणाले, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. आणि मग पाहावं ते नवल. याच्या खिशातून एक बाटली निघाली, तिच्या पिशवीतून एक. कीरा-मारिगोसुद्धा, कॅमोमाइलवाली, ओशाळत आपली बाटली काढून विचारायला लागली, "मास्तर, ते कोपरा दाबायचं जरा दाखव ना." मास्तरांनी तिथेच, ढोलकी-सनईच्या गजरात, शाळा भरवली. गावात आजही कुणाला नवे थेंब आले की तो आधी त्यांच्याकडे जातो.

झिसिस दम खात भिंतीला टेकला होता. मास्तर त्याच्याजवळ गेले.

"शब्द मला येत होता," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे. मी आपला खाकरलो."

"पुढच्या वर्षी पहिलं कडवं तू घे."

"नको. डोळे उघडे ठेवून तुम्हाला चांगलं जमत नाही. तुम्ही मिटा, मी खालचा सूर धरतो."

शरद ऋतूत डॉक्टर मेलानं दाब मोजला. उतरला होता आणि तिथेच टिकला. शस्त्रक्रियेचं नाव तिनं काढलं नाही. उजव्या टेकणावर आजही मास्तर आर्गिरिसच उभे राहतात, आणि त्यांच्यासारखं गाणारा या डोंगरात दुसरा नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

त्यांचं नाव तुम्ही विसरणार नाही, गोड गळ्याचं नाव कुणी विसरत नसतं. माझं मागणं दुसऱ्यासाठी आहे. उद्या देवापुढे दिवा लावाल तेव्हा आमच्या झिसिसची आठवण ठेवा, आणि त्याच्या छातीत श्वास राहू दे म्हणा. खालचा सूर धरणाऱ्याचं नाव घ्यायचं लोकांच्या राहून जातं.